वासराचं दूध

गाईनं लाथ झाडली ती थेट प्रदीपच्या मांडीवर बसली. हातातलं पातेलं उडून कुडाच्या भिंतीवर आपटलं आणि प्रदीप शेणात बसला. पातेल्यात तसंही काही नव्हतं.

मंगळी चुलीपाशी बसून लेकाचा हा पराक्रम बघत होती. तिला हसू आलं आणि रागही आला. या घरात गाईची धार आजवर कुणी काढली नव्हती. सासऱ्यानं नाही, तिच्या नवऱ्यानं, जिव्यानंही नाही. दूध वासराचं, इतकी साधी गोष्ट होती ती. वासरू दूध पिऊन तगडं झालं, की नांगराला बैल मिळायचा. माणसांनी चहा कोरा प्यायचा. आणि हा शहाणा मोबाइलवर बघून धार काढायला बसला होता.

"तुजं साहेब कोरा चहा नाय पीत का?" तिनं विचारलं.

"त्यांच्या पोरीला ताजा दूध पायजे. मी बोलून बसलूय, आमच्या घरी गाय हाय म्हनून."

"गाय हाय. दूध हाय असा कोनी सांगितला तुला?"

प्रदीप अंगावरचं शेण पुसत राहिला. त्याची अडचण मंगळीला ठाऊक होती. बोईसरच्या कारखान्यात तो पाच वर्षं कंत्राटावर राबत होता. यंदा दोन माणसं कायम होणार होती आणि नावं मेहुलसाहेब देणार होते. त्याच साहेबांना आज, रविवारी, बायको-मुलीला शेत दाखवायचं होतं. जिव्या वीटभट्टीवर गेलेला, तेव्हा पाहुण्यांचं सगळं मंगळीच्याच गळ्यात आलं होतं.

प्रदीपनं मोटारसायकल काढली, पाम गावच्या नाक्यावर गेला आणि दुधाच्या दोन पिशव्या घेऊन आला. दूध पातेल्यात ओतलं, रिकाम्या पिशव्या केळीच्या बुंध्याशी पुरल्या आणि वरून पायानं माती दाबली. पोरगा कायम होत असेल तर एक दिवस तोंड मिटून बसायला मंगळीची हरकत नव्हती.

साहेबांची गाडी दहाच्या सुमाराला आली. त्यांची मुलगी उन्नती उतरली ती थेट बकरीच्या पिल्लामागे धावली. मग तिनं वालाच्या शेंगा तोडल्या, मुळा उपटला, तो मातीसकट चावायला निघाली. मंगळीनं तिला वांग्याचं रोप लावायला दिलं. पोरीनं ते उलटं खुपसलं, मुळं वर. मंगळी पोट धरून हसली, तशी पोरगीही हसली. पोर गोड होती. मंगळीला ती मनापासून आवडली.

मग चहा झाला. उन्नतीनं दुधाचे दोन पेले रिकामे केले आणि ओठांवरच्या मिशा तशाच ठेवून तिसरा मागितला.

"घरी पिशवीचं दूध तोंडाला लावत नाही हो," साहेबांची बायको स्नेहल म्हणाली. "ताज्या दुधाची चवच वेगळी!"

"जिभेला कळतंच ना," साहेब म्हणाले.

प्रदीप पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. मंगळीनं पदर तोंडाशी नेला. हसू दाबायला नेला होता, पण लेकाचा चेहरा दिसला आणि हसू विरून गेलं.

निघताना साहेब गोठ्यापाशी थांबले. वासरू ढुशा मारत पीत होतं.

"प्रदीप, एक काम कर. उद्यापासून येताना रोज एक लिटर घेऊन ये. फुकट नको हं. आणि तुझे कागदही आण. आधार, शाळेचा दाखला, असतील ते सगळे. नाव पुढं पाठवायचंय."

"हो साहेब. आणतो."

प्रदीपनं हो म्हटलं आणि गाईच्या कासेकडे पाहिलं. मग खुंट्याला अडकवलेल्या दोरीकडे पाहिलं. मंगळीनं ते ओळखलं. साहेबांकडून प्रदीप पैसे घेणार नव्हता, आणि रोज पिशवी विकत घेऊन फोडणं त्याला परवडणारं नव्हतं. तो गाईचे पाय बांधणार होता. वासरू लांब बांधणार होता. आणि एक लिटर काढल्यावर वासराला काय उरणार होतं?

ती पुढे झाली. मोठ्या माणसांसमोर बोलायची तिला सवय नव्हती, पण बोलली.

"साहेब, दूध आमचा नाय. वासराचा हाय."

प्रदीपनं मान खाली घातली. साहेब मात्र खूश झाले.

"वा! म्हणजे मालक हा आहे होय!" ते वासरासमोर वाकले आणि त्यांनी हात जोडले. "काय शेठ, रोज एक लिटर द्याल का आम्हाला?"

उन्नतीनं टाळ्या वाजवल्या. स्नेहलनं मोबाइल काढला. "परत बोला ना, परत. मी शूट करते."

साहेबांनी पुन्हा हात जोडले, पुन्हा विचारलं. वासरानं सड सोडला नाही. पिता पिता मान तेवढी हलवली.

"हो म्हणाला!" साहेब ओरडले.

सगळे हसले. स्नेहलला हसण्यानं मोबाइल धरवेना, उन्नती तर मातीतच बसली. मंगळीनं लेकाकडे पाहिलं.

सगळ्यांत मोठ्यानं प्रदीप हसत होता.