सांडलेलं खाद्य

मांसासाठी वाढवलेल्या कोंबडीला कोणतं अमिनो आम्ल किती लागतं, हे कोंबड्यांच्या खाद्यावर संशोधन करणारी ती बाई दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत सांगायची. आणि दोन गल्ल्या पलीकडे एकट्या राहणाऱ्या तिच्या बापाचं वजन तीन महिन्यांत सहा किलोंनी उतरलं होतं. डबा तीच पाठवायची. तो रोज चाटूनपुसून रिकामा परत यायचा. तिने दूध वाढवलं, अंडी वाढवली, बापाचं रक्त तपासून घेतलं. वजन उतरतच राहिलं.

एके दिवशी प्रयोगाच्या शेडमध्ये ती सहकाऱ्यावर खेकसली, “अहो, खाद्य संपतंय आणि पक्षी वजन धरत नाहीत, तर खाद्यातलं लायसिन आम्ल कसलं वाढवताय? आधी भांड्याखाली बघा! सांडलेलंही तुम्ही खाल्लेल्यात धरलंय!”

बोलता बोलता तिचीच जीभ अडखळली.

भर दुपारी, न कळवता, ती बापाकडे गेली. दार उघडंच होतं. तिचा डबा इमारतीचा रखवालदार खात होता, आणि बाप समोर बसून त्याला आपल्या नोकरीतला कुठलासा किस्सा रंगवून सांगत होता.

“बाबा, अहो हे काय? मी तुमच्यासाठी मोजूनमापून पाठवते!”

रखवालदार ओशाळून उठायला लागला. बापाने त्याचा दंड धरून त्याला खाली बसवलं.

“डबा संपेपर्यंत बसतो गं तो. तू बसणार आहेस का थोडा वेळ?”

तिने घड्याळाकडे पाहिलं.

“मग त्याला उठवू नकोस.”