एकोणऐंशी मेणबत्त्या

या, असे पुढे सरकून बसा. लांबून नुसता सूर कानावर पडतो, शब्द वाटेतच सांडतात. एका वकीलबाईची गोष्ट आहे, छोटीशीच.

नोंगसिम गावच्या विहारात पहाटेपासून कथा गायली जात होती. देता देता शेवटी पोटची पोरंही देऊन टाकणाऱ्या राजपुत्राची. तेरा अध्याय, सगळे एकाच दिवसात, एकही न गाळता. एक गळला तरी ऐकल्याचं पुण्य नाही. प्रत्येक अध्यायाला एक घर यजमान, आणि जितके श्लोक तितक्या मेणबत्त्या.

ओराथाईच्या पुढ्यातल्या तबकात नव्वद होत्या. नववा अध्याय, राणीचा. रानातून फळं घेऊन परतलेली आई झाडाझाडाला विचारत फिरते, माझी लेकरं पाहिलीत का? तो सुरू झाला की बाप्येसुद्धा पंचा तोंडाशी धरतात. या अध्यायासाठी दर वर्षी चिठ्ठ्या पडायच्या. यंदा गावानं चिठ्ठ्या टाकल्याच नाहीत. वकीलबाई बुआफान जाऊन शंभर दिवस झाले होते. आईचा अध्याय तिच्या लेकीला न मागता मिळाला होता.

ओराथाईनं तो लगेच घेतला होता. विहाराबाहेरच्या चिंचेखाली बसून तिची आई सुट्टीच्या दिवशी गावाचे अर्ज फुकट लिहून द्यायची, आणि ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून तिथंच झोपायची. अशा बाईला एकदा तरी तिचा हक्काचा अध्याय मिळू दे.

चौथा संपत आला तशी लामूनमावशी शेवयांचं पातेलं टाकून धावत आली. "पाचव्याला कोण बसतंय गं?"

"त्या थेरड्याच्या?" मागून एक म्हातारी म्हणाली. "राजपुत्राची पोरं मागून नेली मेल्यानं. त्याच्यासाठी काडी तरी कोण ओढेल?"

"पण चिठ्ठी कुणाच्या नावानं पडली?"

बायका एकमेकींना विचारू लागल्या. मग लामूनमावशीनंच कपाळावर हात मारला. "अगं बाई! पाचव्याची चिठ्ठी कधी टाकलीच नाही आपण. तो बुआफानचाच ना!"

ओराथाईला ते माहीत होतं. लहानपणी ती त्यावरून रुसायची. बाकीच्यांच्या आया राणीसाठी भांडायच्या, आणि आपली आई त्या ढेरपोट्या मागत्यापुढं मेणबत्त्या लावत बसायची.

"मी एकदा विचारलं होतं तिला," मावशी म्हणाली. "म्हटलं, बये, तू आई ना? मग हा पोरं नेणारा कशाला घेतेस? तर म्हणते, राणीसाठी रडायला अख्खा गाव आहे, लामून. याच्या बाजूला कुणीतरी बसायला नको?"

"बाजूला?" ओराथाई उसळली. "वेलीनं बांधून मारत नेलं त्यानं लेकरांना!"

"तेच मी म्हटलं. तर म्हणाली, मग तर वकील लागणारच."

भंते आसनावर चढले. त्यांनी ताडपत्राची पोथी उघडली, समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि सूर लावायचे थांबले.

खांबाआडून खामसिंग उठला. विहाराचाच पाण्याचा पंप चोरून तुरुंगात गेलेला, आणि बुआफाननं खटला लढवून लवकर सोडवून आणलेला. तो अर्ध्या वाटेत अडखळला. "माझ्याकडे मेणबत्त्या नाहीत," तो पुटपुटला. "नाहीतर मी... दर वर्षी बाईंच्या शेजारी मीच बसायचो."

ओराथाईनं आपल्या तबकाकडे पाहिलं. पाचव्याचे श्लोक एकोणऐंशी. मग त्यातल्या अकरा मेणबत्त्या मोजून काढल्या आणि मावशीच्या ओटीत टाकल्या.

"हे काय?"

"नववा तुझा. दर वर्षी त्याच्या चिठ्ठीत तूच सगळ्यांच्या आधी नाव टाकतेस, मी पाहिलंय."

"आणि उरलेल्या एकोणऐंशी मी कुठून आणू?"

"चार अध्याय वेळ आहे, मावशी."

"आईवरच गेलीस," मावशी डोळे पुसत म्हणाली. "आधी दान, मागून हुकूम."

ओराथाई तबक घेऊन रिकाम्या जागी जाऊन बसली. भंतेंनी सूर लावला. अध्याय मोठा खट्याळ. म्हाताऱ्याची दाढी आली, ढेरी आली, त्याला धाकात ठेवणारी तरणी बायको आली, आणि मांडव हसून लोळू लागला. ओराथाईलाही हसू आवरेना. हसता हसताच ती एकेक मेणबत्ती लावत गेली. खामसिंग वाऱ्याच्या बाजूला येऊन बसला होता. तो एकटाच हसत नव्हता. शेवटची ज्योत स्थिर होईपर्यंत त्यानं दोन्ही तळव्यांचा आडोसा हलवला नाही.

तुमच्याही मांडवात असेल असा एखादा, ज्याच्या शेजारची जागा कायम रिकामी असते. तिकडे नजर गेली, की आमच्या बुआफानबाईंची एकदा आठवण काढा.