पहिला नंबर

गंगासागर तांबडी घोडी लावायला घेऊन मुजफ्फरच्या शेतातल्या आखाड्यावर पोचली, तर जळबानाना आधीच येऊन थांबलेले. त्यांची पांढरी घोडी लिंबाला बांधलेली होती. नाना म्हणजे तिचे चुलतसासरे. तिनं पदर पुढं ओढला, पण नजर गेली ती पांढरीच्या शेपटीवर. शेपूट ओली होती. नुकतीच धुतलेली.

मागल्या आठवड्यात डॉक्टर गावात आला, तेव्हा याच घोडीचं तोंड गंगासागरनं धरलं होतं. "गर्भपिशवीत पू झालाय," डॉक्टर म्हणाला होता, "म्हणून गाभण राहत नाही. पिशवी धुवावी लागेल, औषध करावं लागेल. तोवर घोडा लावू नका. त्याला लागण होईल अन् त्याच्याकडून दुसऱ्या माद्यांना." नानांनी मान हलवली होती.

आणि आज नाना इथं.

तांबडी पहिल्यांदाच माजावर आलेली. एका जागी ठरत नव्हती. गंगासागर दोर हातावर गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. बिऱ्हाड वाहणारी जुनी घोडी हिवाळ्यात मेली होती. भागवत, तिचा नवरा, मेंढरं घेऊन सिद्धेश्वरकडं गेलेला. आज माघारी फिरलं, तर पुन्हा इकडं येणं कधी होईल, कुणी सांगावं.

मुजफ्फर काळा घोडा घेऊन बाहेर आला. घोडा फुरफुरत होता, पाय आपटत होता.

"कोणाची पहिली?"

नाना तिच्याजवळ आले. हळूच म्हणाले, "गंगे, तू लाव आधी."

"नंबर तुमचा हाय, नाना."

"म्हणून तर तुला देऊन राहिलो."

तिला समजलं. नंबर घ्यायचा अन् पांढरीचं गप ठेवायचं. पांढरीकडं न बघता तिनं तांबडीला पुढं घेतलं.

जरा वेळ धूळ उडाली, मुजफ्फर ओरडत राहिला, अन् झालं. "बराबर लागली," तो म्हणाला. "थोडी फिरव, मंग जा."

गंगासागर फाटकापाशी आली. कडीला हात लावला, पण कडी काढवेना. मागं नाना पांढरीचा दोर सोडत होते. मुजफ्फर एका हातानं घोडा आवरत फोनवर बोलत होता, "या ना, पुसेगाववाले. दुपारून घोडा मोकळाच हाय."

तिनं पदर मागं सारला.

"मुजफ्फरभाई, घोडा आणू नका. नानाच्या घोडीच्या पिशवीत पू हाय."

मुजफ्फरनं फोन खिशात टाकला. घोडा खुंट्याला बांधला, येऊन पांढरीची शेपूट उचलली. वाकून बघितलं अन् सोडून दिली.

नाना आता आपल्यावर धावून येतील, असं गंगासागरला वाटलं. ते जागचे हलले नाहीत.

"तुझी लागली," ते म्हणाले, "मंग बोललीस व्हय."

गंगासागरनं कडीवरचा हात काढला.

"नाना," मुजफ्फर म्हणाला, "महिन्याखाली बी आणली होती तुमी. तवा बी असंच होतं का?"

नाना खाली बघत राहिले. "तवा लई नव्हतं."

गंगासागरनं तांबडीकडं पाहिलं. मग काळ्या घोड्याकडं. घोड्याला महिन्याखालीच लागलं असेल, तर आज तांबडीलाही लागलं.

मुजफ्फर पुन्हा फोन लावत होता. "पुसेगाववाल्यायला नको म्हणून सांगतो. तुमी दोघं निघा कळमनुरीला, दवाखान्यात. घोडा घेऊन मी येतोच मागून."

रस्त्याला ऊन तापलं होतं. पुढं गंगासागर आणि तांबडी, मागं अंतर ठेवून नाना आणि पांढरी. मग नाना पाय उचलून जवळ आले.

"भागवतला सांगशील?"

ती चालतच राहिली.

"कुणाचं सांगू, नाना? तुमचं का माझं?"