पाटी बदलायचं स्टेशन

पिराजीनं सनबोर्डचा, फ्लेक्स चिकटवायच्या फोमच्या फळीचा, तुकडा एका बोटावर तोलून बघितला. चांगला हुता. हलका, सरळ, कुठं मुडपलेला न्हाय. पण पालथा केला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. मागं कुणा पुढाऱ्याचं थोबाड हात जोडून हसत हुतं. खाली ‘वाढदिवसाच्या’ एवढंच उरलेलं.

‘ऋतुराज, ह्या ढिगात बिनतोंडाचा एक तरी हाय काय रं?’

‘वापरलेला माल हाय काका,’ दुकानदार ऋतुराज छपाईच्या मशीनीवरनं मान न उचलता म्हणाला. ‘मंगळवार पेठेत दुसरा कुठला मिळायचा? कोरा घ्या की.’

‘कोरा कशाला? ह्येंचे थर लावून डोंगर करायचाय. वरनं रंग थापला की झाकली तोंडं. तेवढीच कामाला येतील.’

पिराजीची सगळी हयात शिरोलीच्या फौंड्रीत लाकडाचे साचे करण्यात गेलेली. आता गच्चीवर त्यानं, खरी कधी झालीच न्हाय ती कोल्हापूर ते गगनबावडा रेल्वे खेळण्याएवढी केली हुती. वीतभर डबे, घाटातला बोगदा, चढाला दम लागल्यागत धावणारं इंजिन. पण सगळं जाड प्लायवर. चौघांशिवाय हलायचं न्हाय. मग निवडणुकीला उभ्या ऱ्हायलेल्या साहेबांचा माणूस विजयसिंह येऊन बघून गेला. म्हणाला, साहेब ही गावोगाव सभेत ठेवणार, फकस्त हलकी करा आणि सुटी करा, जीपगाडीत मावली पायजे. पिराजी हरखला. घाट रेल्वेनं चढता येतो हे माणसांनी डोळ्यानं बघितलं, तर मागतील तरी, असं त्याच्या मनात. तवापास्नं तो हलका माल धुंडत फिरत हुता. खिडक्यावाल्याकडनं अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणल्या. मासळीच्या खोक्यांचा थर्माकोल आणला, तर असा वास सुटला की बायको गच्चीची पायरी चढंना.

तेवढ्यात विजयसिंहच आत आला. तोंडात वेलची.

‘पाट्या झाल्या काय?’

ऋतुराजनं पिशवी टेबलावर उपडी केली. बोटाएवढ्या पिवळ्या पाट्या, काळी अक्षरं, अगदी खऱ्या स्टेशनावर असत्यात तशा. पाठीला बारका चुंबक. पिराजीनं एक उचलली. काम नामी हुतं. मग दुसरी वाचली, तिसरी वाचली.

‘ही एवढी गावं कशाला? माझ्या लायनीवर पाच स्टेशनं हायत.’

‘पाचच असूंद्यात. ज्या गावात सभा, त्या गावाची पाटी लावायची. सभा झाली की काढायची. म्हणून तर म्हटलं, सुटं करा.’

‘आणि ह्ये पिंपळखिंड? ह्ये डोंगराच्या पाठीला हाय. तिथं एसटी जाईना, रेल्वे काय उडी मारणार?’

‘काका, लोकं काय फूटपट्टी घेऊन बसणार हायत?’ विजयसिंह हसला. ‘आपलं नाव दिसलं, इंजिन शिट्टी मारून थांबलं, टाळी पडली. बास.’

पिराजीनं पाटी टेबलावर टाकली. आयुष्यभर साचा सूतभर चुकला तर त्यानं फोडून टाकलेला. आणि आता त्याचं इंजिन रोज नव्या गावात खोटं थांबणार. थुंकावं म्हणून त्यानं खाली बघितलं, तर पायाशी सगळीकडं तीच हसरी तोंडं.

‘माझी गाडी मिळायची न्हाय,’ तो म्हणाला.

‘ऱ्हाऊंद्या की. पुण्यात आठवड्यात करून देत्यात. तुम्हाला मान म्हणून दिलता.’

खाली बसून फ्लेक्सच्या कडंला कड्या ठोकणारी पूर्णिमा ठोकायची थांबली. ठोकाठोकीत तिला निम्मंच ऐकू गेलतं.

‘कोण म्हणालं पिंपळखिंड? माझं माहेर की ओ ते!’ ती उठली. पाटी हातात घेतली, पदरानं पुसली. पुसण्यासारखं त्यावर काय न्हवतं. ‘व्हय की! पिंपळखिंडच! रेल्वेची पाटी!’

‘पूर्णिमा, आधी ऐक माझं,’ पिराजी म्हणाला.

पण तिनं फोन लावलाबी. ‘आई! आगं, आपल्यात रेल्वे यायली! खोटं कशाला सांगू? पाटी माझ्या हातात हाय!’ मग फोनवर हात धरून तिनं विजयसिंहाला विचारलं, ‘दादा, आई इचारती, गाडी कधी सुरू हुणार? तिला दवाखान्याला यायला लई हाल हुत्यात.’

विजयसिंहानं अंगठ्यानं पिराजीकडं दाखवलं आणि एक डोळा मारला. ‘ह्ये काका करायल्यात रेल्वे. त्यास्नीच इचारा.’

पूर्णिमानं फोन पिराजीच्या कानाला लावला. तिकडनं म्हातारीचा दमलेला श्वास ऐकू येत हुता.

‘आई,’ पिराजी म्हणाला, ‘रेल्वे न्हाय ओ ही. सनबोर्ड हाय.’

पलीकडं म्हातारीनं कोंबडी हुसकली.

‘सनबोर्ड,’ म्हातारी म्हणाली. ‘असूंदे की बाबा. आमच्यात थांबती न्हवं?’