ज्योत्स्नाची हजेरी

दप्तरं जागेवर सोडा, मोबाइल बंद ठेवा, पळू नका, असं माइकवरून सांगून झालं आणि सगळं कॉलेज मैदानाच्या पार टोकाला कुंपणाशी जाऊन उभं राहिलं. बॉम्बचा मेल आला होता. मागचा असाच फुसका निघाला होता, म्हणून मुलं निवांत होती. बरं झालं, टेस्ट टळली, असंही कुणी म्हणालं.

देवरे सर निवांत नव्हते. इमारतीत कुणी राहिलं नाही ना, ते हजेरी घेऊन कळवा, असं पोलिसांनी बजावलं होतं. सरांनी उन्हात नावं पुकारली. प्रत्येक नावाला ‘येस सर’ आलं. वर्ग पूर्ण आहे, असं त्यांनी इन्स्पेक्टर मॅडमना सांगितलं. पथक आत गेलं आणि थोड्याच वेळात वायरलेसवर निरोप आला, वरच्या जिन्यात एक बेवारस पिशवी आहे.

सरांच्या वर्गातली चैताली शेजारच्या पल्लवीला म्हणाली, बरं झालं, ज्योत्स्नाची एसटी आजही लेटच असणार. पल्लवी म्हणाली, छे, ती काल नाशिक रोडला आत्याकडेच राहिली होती. सकाळीच आली. अंगात ताप होता, गोळी घेऊन वरच्या गर्ल्स रूममध्ये झोपली.  दोघींनी मैदानभर नजर फिरवली.

 ज्योत्स्नाच्या नावाला ‘येस सर’ चैतालीनंच म्हटलं होतं. रोजचंच होतं ते. सुरगाण्याची एसटी वेळेवर येत नाही, मग मैत्रीण कशाला असते? मेली जीभ, आजही सवयीनं वळली.

ती सरांकडे धावली.

“सर, ज्योत्स्ना आत आहे.”

“अगं, आत्ताच तर ‘येस सर’ म्हणाली ती.”

“सर, ती मी होते.”

सरांनी हातातल्या यादीकडे पाहिलं. रोज ज्योत्स्नाच्या नावाला ओ कोण देतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. रोज ते मान वर न करता टिक करायचे.

मॅडमनी ऐकून घेतलं, वायरलेसवर आत कळवलं. जिना तर त्या पिशवीपाशीच अडला होता. मग त्या सरांना एवढंच म्हणाल्या, “हजेरी परत घ्या. प्रत्येकानं हात वर करून.”

सरांनी पहिल्यापासून सुरुवात केली. आता कुणी हसत नव्हतं. एकेक हात वर जात होता.

“ज्योत्स्ना भोये.”

चैतालीनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. सर पुढचं नाव घेईनात.