चौथं लिंबू

"वहिनी, लिंबं तुम्हीच ठेवा. शिवला बरं वाटेल," गाडीची पूजा करताना विक्रम म्हणाला. वर हसलासुद्धा!

एडिसनमधल्या आमच्या ड्राइव्हवेवर शिवची, माझ्या नवऱ्याची, जुनी इटालियन गाडी उभी होती. तिचा पत्रा न् पत्रा कारागिरांनी हाताने ठोकून घडवलेला. कितीतरी कलेक्टर मागे लागले होते, पण मी ती विकली शिवच्या मित्राला, विक्रमलाच.

अपघाताच्या वेळी गाडीत ते दोघंच होते, आणि गाडी शिव चालवत होता, असं विक्रमने पोलिसांना सांगितलं होतं. शिवचा चष्मा मात्र मला शेजारच्या सीटखाली सापडला. गाडी दुरुस्त झाली. शिव गेला.

मी तीन चाकांखाली लिंबं ठेवली. शेजारच्या सीटकडचं पुढचं चाक तसंच सोडलं. येणाऱ्याला अडवायचं कशाला?

विक्रमने गाडी पुढे घेतली. लिंबं फुटली. त्याच्या शेजारच्या रिकाम्या सीटचं लेदर कुरकुरलं आणि हळूहळू दबत गेलं, कुणी रेलून बसावं तसं.

विक्रमने ब्रेक दाबला. गाडी थांबेना. दार उघडेना.

"वहिनी!"

निघणाऱ्याला आपल्यात 'जा' म्हणत नाहीत, 'ये' म्हणतात. सरकत्या गाडीच्या खिडकीबरोबर मी चार पावलं चालले.

"जा," मी म्हणाले.