आत्याबाईंची खिडकी

शाळा-निरीक्षक साहेब सातवीच्या वर्गात शिरले आणि त्यांचं पहिलंच पाऊल कादंबरीतल्या विहिरीत पडलं. विहीर म्हणजे चहाचा रिकामा डबा होता. पण मुलं अशी काही हळहळली, की साहेबांनी बूट चटकन मागे घेतला आणि नकळत 'माफ करा' म्हणून टाकलं. आपण कोणाची माफी मागितली हे लक्षात येताच त्यांनी चेहरा पुन्हा तपासणीला साजेसा करून घेतला.

बाक भिंतीला लावलेले होते आणि मधल्या फरशीवर पुठ्ठ्याचं घर उभं होतं. महिनाभर मराठीच्या बाईंनी शुक्रवारचे दोन तास त्यात घातले होते. अभ्यासाला लावलेल्या कादंबरीत घराविषयी जिथे जिथे शब्द आहे तो शोधायचा, पानाच्या आकड्यासकट वहीत उतरवायचा आणि त्याबरहुकूम बांधायचं. मुख्याध्यापकांच्या मते हा खोक्यांचा बाजार होता आणि ते दोन तास गणिताला हवे होते. साहेब आज 'बंद' म्हणाले की बंद. पुढच्या पाच पुस्तकांची यादी बाईंच्या पर्समध्येच राहणार होती.

त्यातून साहेब याच कादंबरीच्या मार्गदर्शकाचे कर्ते. एकवीस वर्षं, एकवीस आवृत्त्या. ते घेतलं की कादंबरी उघडावी लागत नाही, असं पालक कौतुकाने सांगत.

साहेबांनी घराला वळसा घातला, घसा साफ केला आणि पाच गुणांचा प्रश्न टाकला. आत्याबाईंचं स्वभावचित्र सांगा. उत्तर त्यांच्याच मार्गदर्शकात होतं : सत्यवचनी, करारी, प्रेमळ. सत्याऐंशीव्या पानावर आत्याबाई शपथ घेऊन सांगतात, की दागिन्यांचा डबा धाकट्याने फाटकाशी एका परक्या माणसाच्या हातात दिला आणि ते मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून या डोळ्यांनी पाहिलं. तेवढ्या शब्दावर थोरला भाऊ धाकट्याला घराबाहेर काढतो. बाईंनीही एकोणीस वर्षं 'सत्यवचनी'ला बरोबरची खूण केली होती.

गवंड्याची मुलगी उभी राहिली. भाषेच्या तासाला तिने आजवर 'हजर' याखेरीज शब्द काढला नव्हता.

"आत्याबाई खोटं बोलतात, साहेब."

बाईंनी उगाचच खडू उचलला. दोन आठवड्यांपूर्वी ही पोर त्यांच्याकडे आली होती. खिडकीतून फाटक दिसत नाही, मधे जिना येतो, म्हणाली. बाईंनी सहज सांगितलं, मग जिना जरा सरकव की. त्यावर मुलीने बाईंकडे असं बघितलं, जसं तिचा बाप मधला खांब काढायला सांगणाऱ्या घरमालकाकडे बघत असेल. पुस्तकात जिना तिथेच आहे, तो तिथेच राहील. बाईंनी शाळा सुटल्यावर एकटीने बसून सगळी पानं पडताळली आणि हार मानली.

साहेब हसले. हे असं होतं म्हणाले, लेखकाची नजरचूक, थोरामोठ्यांच्या हातूनही होते. मुलीने वही उघडली. बाराव्या पानावर जिन्याच्या चौदा दगडी पायऱ्या मोजल्या आहेत. एकेचाळीसव्या पानावर जिना भरीव असल्याचं लिहिलंय, खाली उंदरालाही जागा नाही. आणि शहात्तराव्या पानावर आत्याबाई स्वतः कुरकुरतात, की हा मेला जिना आड येतो, कोण आलं कोण गेलं कळत नाही.

"एकदा लिहिलं तर चूक म्हणू," ती म्हणाली. "तीनदा लिहिलंय म्हणजे लेखकाला ते आपल्याला सांगायचं होतं. आपण बघितलं नाही."

तिने खिडकीपासून फाटकापर्यंत सूत धरलं. दोरा जिन्याच्या सहाव्या पायरीत जाऊन अडला. साहेब म्हणाले, दोरा काय, धराल तसा धरला जातो. मुलगी बाजूला सरली.

"मग तुम्हीच बघा. पण आडवं व्हावं लागेल."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी गंभीरपणे घराकडे पाहिलं. साहेबांनी मग चष्मा काढून खिशात ठेवला, पुन्हा बाहेर काढून डोळ्यांवर चढवला, एक गुडघा टेकला, दुसरा टेकला आणि इस्त्रीच्या कपड्यांनिशी फरशीवर पालथे झाले. एक डोळा मिटून त्यांनी दुसरा आत्याबाईंच्या खिडकीला लावला.

त्यांनी डोकं जरा डावीकडे, जरा उजवीकडे करून पाहिलं. मग हळू आवाजात विचारलं, माडीवरून दिसतं का? दिसतं, मुलगी म्हणाली. माडीवर कोणाची खोली? थोरल्याची, चाळीस पोरं एका सुरात म्हणाली आणि गुडघ्यांवर पुढे सरकली. विहीर, अंगण, फाटक सांभाळत साहेबांच्या भोवती कडंच झालं. कोणी त्यांना सव्विसावं पान वाचून दाखवू लागलं, कोणी त्रेपन्नावं. साहेब आडव्या अंगानेच 'सावकाश, एकेक' म्हणत राहिले. बाई खडू हातात धरून उभ्या होत्या. त्यांना कोणी काही विचारत नव्हतं, आणि इतकं छान त्यांना एकोणीस वर्षांत वाटलं नव्हतं.

दार उघडून मुख्याध्यापक आत डोकावले. हातात नवं वेळापत्रक होतं. शुक्रवारचे दोन तास गणिताला दिले असं धरू ना, असं त्यांनी अदबीने फरशीकडे बघत विचारलं.

साहेबांनी खिडकीवरचा डोळा हलवला नाही.

"थांबा हो जरा," ते म्हणाले. "इथे एक पोरगा एकवीस वर्षं विनाकारण घराबाहेर आहे."